मामांची फाईल आणि पेशींची लस

माझे मामा परंडा तालुक्यात शेती करीत. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हाडांत उतरल्याचे निदान होऊन दोन वर्षे झाली होती. दर तीन महिन्यांच्या हार्मोनच्या इंजेक्शनाने खाली बसलेला पीएसए (रोगाचा अंदाज देणारे, रक्तात मोजायचे प्रोस्टेटचे प्रथिन) पुन्हा चढू लागला होता, आणि त्याच दिवाळीत मामेभावाने माझ्यापुढे गुळगुळीत कागदाचे एक चार पानी माहितीपत्रक ठेवले. मोठ्या शहरातल्या एका खासगी केंद्राचे ते पत्रक होते. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोग ओळखायला शिकवायचे, मग त्या लस म्हणून परत टोचायच्या. असे सहा डोस घ्यायचे आणि त्यासाठी बारा लाख रुपये भरायचे, असे त्यात लिहिले होते. विहिरीखालचे दोन एकर रान विकण्याची बोलणी घरात सुरू झाली होती. "ताई, तुम्ही एवढी वर्षं हेच शिकवलंय, तुम्हीच बघा," असे म्हणून भावाने पत्रक माझ्या हाती दिले. बाजेवर टेकून बसलेल्या मामांनी मात्र जे विचारले, त्याचे उत्तर त्या चार पानांत कुठेही नव्हते. "अगं, लस तर दुखणं यायच्या आधी टोचतात ना? मला तर झालेलंच आहे."

मी लातूरच्या एका महाविद्यालयात एकोणतीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. त्या दिवशी मामांना दिलेले उत्तर घाईचे आणि अपुरे होते, म्हणून पुढचे काही आठवडे मी या एकाच विषयावर वाचत राहिले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारत राहिले, आणि जे समजले ते आज सविस्तर लिहीत आहे. कारण अशी पत्रके आता आपल्या तालुक्या-तालुक्यांत पोचू लागली आहेत आणि ती वाचणाऱ्या घरांत विकायला बहुधा एक रानच असते.

मामांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या भाषेतच आहे. खरचटलेल्या जागेतून जे पातळ, चिकट पाणी झिरपते त्याला आपण लस म्हणतो. देवीच्या टोचणीसाठी फोडातले असेच पाणी वापरले जाई, म्हणून टोचायच्या औषधालाही तेच नाव मिळाले. आणि शरीरात हे पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांवर ठिकठिकाणी ज्या गाठी असतात त्या लसीकाग्रंथी. पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येते, हे खेड्यात कुणाला सांगावे लागत नाही. ते अवधाण म्हणजे फुगलेली लसीकाग्रंथी: जखमेतल्या जंतूंची खबर तिथे पोचलेली असते आणि त्या खबरीवरून पांढऱ्या पेशींची पैदास चालू झालेली असते. लस रोगाआधी टोचा किंवा रोगानंतर, तिचे खरे काम या गाठींत चालते.

रोगाआधी टोचायची लस कर्करोगातही आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही या विषाणूमुळे होतो हे दाखवून देणारे हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले, आणि त्या विषाणूविरुद्धची लस मुलींना लागण होण्यापूर्वी दिली जाते; ती विषाणूला दारातच अडवते, झालेली गाठ जिरवत नाही. मामींना हा फरक लगेच उमगला, कारण त्यांच्या माहेरी, तुळजापूरकडे, घरोघरी येऊन बायकांना तपासणीला नेणाऱ्या ताईंची त्यांना आठवण होती. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी गावांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या गटातले पुढच्या टप्प्यातले कर्करोग आणि मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. शिवाय परंडा आणि भूम हे तालुके बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत मोडतात, आणि ती नोंदणी १९८७ पासूनची, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी आहे. ज्या भागातल्या बायाबापड्यांनी साऱ्या जगाला पुरावा मिळवून दिला, त्या भागातल्या माणसांना उपचाराचा पुरावा मागण्याचा पूर्ण हक्क आहे, असे मला मनापासून वाटते, आणि पुढे मी जे फोन केले ते याच भावनेने केले.

मामांना देऊ केलेली लस रोगानंतरची. तिच्या मुळाशी डेंड्रिटिक पेशी असते. ग्रीक भाषेत डेंड्रॉन म्हणजे झाड. या पेशीला चहूबाजूंनी फांद्या फुटलेल्या असतात म्हणून हे नाव. १८६८ मध्ये बर्लिनमध्ये विद्यार्थी असताना पाउल लँगरहान्स यांनी त्वचेत अशा पेशी पाहिल्या होत्या, पण त्यांना त्या मज्जासंस्थेचा भाग वाटल्या. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांना उंदराच्या प्लीहेत या पेशी वेगळ्या ओळखू आल्या, आणि प्रतिकारशक्तीला वर्दी देणे हे त्यांचे काम असल्याचे स्टाइनमन यांनी पुढची कित्येक वर्षे, बऱ्याच अविश्वासाला तोंड देत, सिद्ध करत नेले.

वर्दी हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण मामांना मी हे पोलीस पाटलाच्या उदाहरणाने सांगितले. पोलीस पाटील चोराशी झटापट करत नाही. गावात काही विपरीत घडले की तो खाणाखुणा घेऊन ठाण्यात जातो आणि पुढचे काम ठाण्याचे असते. डेंड्रिटिक पेशी तसेच करते: मेलेल्या किंवा बिघडलेल्या पेशींचे तुकडे गिळते, त्यांचे बारीक अंश आपल्या पृष्ठभागावर मांडते आणि लसीकाग्रंथीत जाऊन टी पेशींना, म्हणजे रोगट पेशींना मारू शकणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवत राहते. असंख्य टी पेशींमधून त्या खुणेशी तंतोतंत जुळणारी एखादी भेटली की ती जागी होते, एकीच्या हजारो होतात आणि रक्तावाटे बाहेर पडून ती खूण अंगावर असलेल्या पेशींना मारू लागतात. यात एक बारकावा आहे आणि माझ्या मते हा सगळा विषय त्याच्यावर उभा आहे. डेंड्रिटिक पेशी नुसती खूण घेऊन गेली, पण धोक्याची हाक न देता गेली, तर टी पेशी उलटाच धडा शिकतात: ही खूण आपल्या माणसाची आहे, हिला हात लावायचा नाही. आपले शरीर आपल्याच अवयवांवर तुटून पडत नाही ते बऱ्याच अंशी या सोयीमुळे. कर्करोगही पुष्कळदा याच वाटेने सुटतो, कारण गाठ आपल्याच पेशींची असते आणि ती भोवती अशी द्रव्ये सोडत राहते की तिच्याजवळच्या डेंड्रिटिक पेशी पक्व होतच नाहीत.

म्हणून या पेशी गाठीपासून दूर, प्रयोगशाळेत पक्व करायच्या आणि मग अंगात सोडायच्या, ही कल्पना निघाली. मला ती आजही सुंदर वाटते. रक्तात तयार डेंड्रिटिक पेशी फारच थोड्या असतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी मोनोसाइटपासून सुरुवात करतात. प्रॅक्टिकलला बोटाच्या रक्ताची काचपट्टी करून तिला लेशमन स्टेन दिला की आमचे विद्यार्थी ही पेशी शोधत बसायचे. पांढऱ्या पेशींत सर्वांत मोठी, अंगाने राखी-निळसर, आणि केंद्रकाला घेवड्याच्या दाण्यासारखी खाच असलेली ही पेशी शंभरात दोन ते आठच सापडते. तिला जीएम-सीएसएफ आणि आयएल-४ ही दोन प्रथिने देऊन वाढवले की तिला फांद्या फुटतात आणि ती डेंड्रिटिक पेशी बनते, हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांना हे काम हाताशी आले.

रक्तातून हव्या त्याच पेशी काढून घेणारे यंत्र मी जवळून पाहिले आहे, जरी ते वेगळ्या कामासाठी चालले होते. रक्ताचा कर्करोग झालेल्या आमच्या एका विद्यार्थिनीला एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट, लागणार होते, आणि माझ्या मुलाचा गट जुळला म्हणून मी त्याला घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या एका रक्तपेढीत गेले होते. दंडातून रक्त नळीवाटे यंत्रात जात होते, आतल्या फिरत्या भांड्यात त्याचे थर वेगळे होत होते, वरच्या पिशवीत फिकट पिवळ्या प्लेटलेट हळूहळू जमत होत्या आणि उरलेले रक्त मुलाच्या अंगात परत येत होते. मध्येच तो म्हणाला, "आई, ओठांना मुंग्या येतायत," आणि तिथल्या ताईंनी लगेच कॅल्शियमची गोळी चघळायला दिली; रक्त गोठू नये म्हणून घातलेले सायट्रेट अंगातले कॅल्शियम धरून ठेवते, म्हणून तसे होते. लशीसाठी प्लेटलेटऐवजी पांढऱ्या पेशींचा थर घेतात आणि त्याला तीन-चार तासही लागू शकतात, एवढाच फरक. पुढे साधारण आठवडाभर त्या पेशी वाढवायच्या, गाठीचे एखादे प्रथिन किंवा खुद्द रुग्णाच्या गाठीचा अर्क त्यांना खाऊ घालायचा, पक्वतेची द्रव्ये द्यायची, जंतू शिरले नाहीत ना आणि पेशी जिवंत आहेत ना हे तपासायचे, आणि मग त्वचेत टोचायच्या. खर्च कुठे होतो हे यावरून ध्यानात यावे. प्रत्येक रुग्णाची लस वेगळी; एकाची दुसऱ्याला चालत नाही.

आता पुराव्याकडे येते. मामांच्याच आजारावर, म्हणजे हार्मोनच्या उपचाराला दाद न देणाऱ्या आणि पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगावर, अशा प्रकारची पहिली लस अमेरिकेच्या औषध नियामकाने २९ एप्रिल २०१० रोजी मंजूर केली. तिचे नाव सिपुल्यूसेल-टी, बाजारातले नाव प्रोव्हेंज. तिच्यात रुग्णाच्या पेशींना पीएपी हे प्रोस्टेटचे प्रथिन जीएम-सीएसएफला जोडून देतात आणि दोन दिवसांच्या आतच त्या पेशी शिरेवाटे परत देतात. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा. ५१२ रुग्णांच्या चाचणीत लस मिळालेल्यांचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण जितका काळ ओलांडतात तो) २५.८ महिने होते आणि न मिळालेल्यांचे २१.७ महिने. तीन वर्षांनंतर हयात असण्याचे प्रमाण अनुक्रमे ३१.७ आणि २३ टक्के होते. म्हणजे लाभ खरा होता, पण रोग वाढायला लागण्यापर्यंतचा काळ दोन्ही गटांत सारखाच राहिला, आणि बहुतेकांचा पीएसए उतरला नाही. तीन डोसांची किंमत ९३,००० डॉलर होती. बनवणाऱ्या कंपनीने २०१४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०१५ मध्ये युरोपातला परवाना मागे घेण्यात आला.

चार महिने या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबले. चार महिन्यांत सोयाबीन पेरून, काढून, मळून होते. एखाद्या नातीचे लग्न डोळ्यांदेखत पार पडते. ज्याला ते महिने मिळतात त्याच्यासाठी ते थोडे नाहीत, आणि ज्या संशोधकांनी ते मिळवले त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण हे चार महिने त्या विशिष्ट लशीचे, त्या विशिष्ट प्रथिनाचे आणि मोजून निवडलेल्या रुग्णांचे आहेत. दुसऱ्या कुणी दुसऱ्या रीतीने बनवलेल्या पेशींना ते आपोआप लागू होत नाहीत, आणि पत्रकात मात्र 'अमेरिकेत मान्यताप्राप्त तंत्रज्ञान' एवढेच शब्द ठळक छापले होते.

मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगावर रुग्णाच्या गाठीचा अर्क वापरून केलेल्या डेंड्रिटिक लशीचे, ३३१ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले: नव्याने निदान झालेल्यांत १९.३ महिने, तुलनेच्या गटात १६.५. तुलनेचा गट त्याच चाचणीतला नव्हता, तो इतर चाचण्यांतल्या रुग्णांवरून उभा केलेला होता, आणि तज्ज्ञांनी बोट ठेवले ते नेमके तिथे.

लाभ एवढा मर्यादित का, याची काही कारणे कळली आहेत. त्वचेत टोचलेल्या पेशींपैकी फारच थोड्या लसीकाग्रंथीपर्यंत पोचतात. जाग्या झालेल्या टी पेशी गाठीपाशी गेल्या तरी तिथे त्यांना थोपवणारे संकेत मिळतात; ज्या दोन शोधांसाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले ते याच थोपवणुकीबद्दलचे आहेत, आणि ती उठवणारी औषधे लशीच्या जोडीला देऊन पाहण्याचे प्रयत्न चालू आहेत. शिवाय गाठ आपली खूणच टाकून देते, तेव्हा शिकवलेल्या टी पेशी शोधत राहतात आणि सापडत काही नाही.

पत्रकाच्या तिसऱ्या पानावर स्टाइनमन यांचे छायाचित्र होते आणि खाली 'नोबेल विजेत्याने स्वतःवर वापरलेली लस' असे लिहिले होते. ते खोटे नाही. त्यांना २००७ मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे कळले, आणि इतर उपचारांबरोबर स्वतःच्या गाठीपासून बनवलेल्या प्रायोगिक डेंड्रिटिक लशीही त्यांनी घेतल्या. ते साडेचार वर्षे जगले, जे त्या आजारात क्वचित घडते. ३० सप्टेंबर २०११ रोजी ते वारले, तीनच दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, नोबेल जाहीर झाले, आणि निर्णय घेताना समितीला त्यांच्या मृत्यूची कल्पना नव्हती म्हणून पारितोषिक कायम ठेवले गेले. ही हकीकत वाचताना माझे डोळे भरून आले. पण एका माणसाच्या आयुष्यात कशाने किती फरक पडला हे वेगळे काढता येत नाही, हे स्वतः स्टाइनमन यांच्यासारख्या शास्त्रज्ञाला कुणी सांगावे लागले नसते. आणि मरण पावलेल्या त्या मोठ्या माणसाचा फोटो परंड्याच्या शेतकऱ्यापुढे अशा कामासाठी यावा याचे मला वाईट वाटले.

त्याच पानावर आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कार-टी उपचाराचाही उल्लेख होता. नेक्सकार१९ हा तो उपचार २०२३ मध्ये मंजूर झाला आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. ही आपल्या देशाची अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्यात टी पेशींमध्येच नवे जनुक घालून त्यांना थेट सीडी१९ ही खूण शोधायला लावतात, आणि ती खूण बी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींपासून होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगांत असते. प्रोस्टेटशी त्याचा संबंध नाही. पोलीस पाटील आणि ठाण्यातला शिपाई यांना एकाच ओळीत बसवून पत्रकाने घरच्यांचा गोंधळ वाढवला होता.

मी त्या केंद्राला फोन केला. पेशींना कोणते प्रथिन दाखवणार, हा माझा पहिला प्रश्न होता. मामांच्या बायोप्सीचा ब्लॉक किंवा गाठीचा तुकडा कुणीही मागितलेला नव्हता, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. समन्वयक बाई म्हणाल्या, "ते आमच्या लॅबचं आहे, ते शेअर करत नाही." पेशी पक्व झाल्या हे कशावरून ठरवता आणि त्याचा अहवाल रुग्णाला देता का, हे विचारले, उत्तर आले नाही. हा मंजूर उपचार आहे की चाचणी, हे विचारले. मंजूर असेल तर कोणत्या आजारासाठी ते लेखी द्या, चाचणी असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक द्या, असे मी म्हणाले, कारण आपल्याकडे चाचणीला २०१९ च्या नियमांखाली परवानगी लागते आणि ती नोंदवावी लागते. दोन दिवसांनी भावाला त्यांचा फोन आला, की पहिल्या डोसात दहा टक्के सवलत देतो, पण महिनाअखेर निर्णय घ्या. मला त्यांनी परत फोन केला नाही.

रान विकले गेले नाही. मामांना आम्ही बार्शीला नेले, तिथल्या डॉक्टरांनी फाईल पहिल्या कागदापासून वाचली आणि डोसिटॅक्सेलची केमो तीन-तीन आठवड्यांनी चालू केली. चौथ्या केमोनंतर त्यांची भूक परतली, कंबरेचे दुखणे इतके कमी झाले की ते काठी टेकत विहिरीपर्यंत जाऊन आले. ते पुढे सोळा महिने होते. या काळात एकदा त्यांनी मला विचारले, की ती लस घेतली असती तर बरे झाले असते का, आणि मी त्यांना वर लिहिलेले आकडे जसेच्या तसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "तशी लस सरकारी दवाखान्यात आली, तर आधी या पोरांना विचार, घ्यायची का ते."

मामांची फाईल माझ्याकडे आहे, त्या पत्रकासह. मामेभावाने गावात सगळ्यांना सांगून ठेवले आहे, त्यामुळे आता कुणाच्या घरी असा कागद आला की त्याचा फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर येतो. गेल्या सोमवारी भूम तालुक्यातून एक आला. अंडाशयाचा कर्करोग, वय एकेचाळीस, डोस आठ, केंद्र वेगळे. मी त्यांना फोन करून प्रथिन कोणते ते विचारले आहे. तिथल्या डॉक्टरांनी स्वतः बोलायचे कबूल केले आहे आणि उद्या सकाळी अकराची वेळ दिली आहे. त्या बाईंच्या नवऱ्यालाही मी त्या फोनवर घेणार आहे.